बदल्यात कोण गेलं?

९ फेब्रुवारी २०२३, गुरुवार. सकाळचे साडेअकरा वाजून गेले असतील. मी घरूनच काम करत होते. ‘कुकरची शिट्टी का होत नाही?’ या गहन विषयावर सहाशे शब्द लिहायचे होते आणि माझी गाडी चौथ्या परिच्छेदावर अडली होती. तेवढ्यात फोन थरथरला. मग पुन्हा. मग थांबेचना.

केविन ड्युरँट फिनिक्स सन्समध्ये!

मी किंचाळले. आई मेथी निवडता निवडता उठून धावत आली. तिला वाटलं, पगारवाढ झाली.

आता तुमच्यापैकी ज्यांना बास्केटबॉलशी देणंघेणं नाही, त्यांना थोडं सांगते. एनबीए ही अमेरिकेतली बास्केटबॉलची सगळ्यात मोठी लीग. तिथे आयपीएलसारखा लिलाव नसतो. एका टीमला दुसऱ्या टीमचा खेळाडू हवा असेल, तर आपले खेळाडू द्यायचे, पगारांचा हिशोब जुळवायचा आणि भविष्यात नवी मुलं निवडण्याचे आपले हक्कही टाकायचे. या हक्कांना ‘पिक’ म्हणतात. खेळाडूला विचारलंच पाहिजे असं नाही. त्याला फोन येतो, तो बॅग भरतो. आई याला ट्रेड म्हणत नाही, ‘बदली’ म्हणते. बाबांची नोकरी बँकेतली. मी दहावीपर्यंत तीन शाळा पाहिल्या. त्यामुळे आमच्या घरात हा शब्द फार जपून उच्चारतात.

मी सन्सची फॅन झाले ती स्टीव्ह नॅशमुळे. शाळेच्या टीममध्ये मी सगळ्यात बुटकी. आमचे सर म्हणाले, उंची नाही तर डोकं वापर, नॅशच्या क्लिप्स बघ. मी क्लिप्स बघायला लागले तोवर नॅश तिथून गेलाही होता आणि सन्स दरवर्षी हरत होते. पण एकदा टीम आपली म्हटली की म्हटली.

आईला यात ओढलं ते २०२१च्या फायनलने. सन्स २-० ने पुढे होते. मॅच आपल्याकडे सकाळी साडेसहाला असायची. चहा टाकता टाकता आई एक डोळा टीव्हीवर ठेवायची. तिला नियम कळत नव्हते, पण एक मुलगा तिने हेरला होता. मिकाल ब्रिजेस. लांबच लांब हात, समोरच्या टीमच्या सगळ्यात डोकेदुखी माणसामागे सावलीसारखा पळणार आणि वर हसणार. ‘हा हसरा मुलगा चांगलाय गं,’ ती म्हणायची. आम्ही ती फायनल ४-२ ने हरलो. शेवटच्या मॅचमध्ये मिलवॉकीच्या यानिसने एकट्याने ५० पॉइंट्स केले. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. आईने मला न विचारता ताटात दोन पोळ्या जास्त वाढल्या होत्या.

त्या हसऱ्या मुलाची गोष्ट मी तिला तेव्हाच सांगितली होती. ब्रिजेस फिलाडेल्फियाकडचा. २०१८ मध्ये फिलाडेल्फियाच्याच टीमने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडलं. त्याची आई त्या टीमच्या मालक कंपनीतच नोकरीला. मुलगा आता घराजवळ खेळणार म्हणून मायलेक आनंदात, आणि त्याच रात्री टीमने त्याला फिनिक्सला पाठवून दिलं. हे ऐकल्यावर आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘आणि त्या बाईला दुसऱ्या दिवशी त्याच ऑफिसात जायचं?’

तर त्या गुरुवारी, माझा नाच संपल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला तो हा : ‘बदल्यात कोण गेलं?’

मी यादी वाचली. मिकाल ब्रिजेस. कॅम जॉन्सन. जे क्राउडर. शिवाय २०२३, २०२५, २०२७ आणि २०२९ असे पहिल्या फेरीचे चार पिक्स, आणि २०२८ मध्ये अदलाबदल करण्याचा हक्क.

‘हसरा दिला?’

‘अगं, ड्युरँट आहे तो! २०१४चा एमव्हीपी! दोन चॅम्पियनशिप!’

‘वय काय?’

‘चौतीस.’

आईने फक्त मेथीची जुडी उचलली. ‘हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे,’ एवढंच म्हणाली. आणि तो नेमका पळत तरी होता कुठे? महिन्याभरापूर्वी त्याचा गुडघा दुखावला होता. २०१९च्या फायनलमध्ये टाचेमागची शीर तुटली होती आणि पुढचा अख्खा सीझन तो बाहेर होता. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी ग्रुपवर लिहिलं, ‘ब्रिजेससारखे मिळतील छप्पन.’ तो मेसेज अजून आहे. मी तो पुसलेला नाही.

माझ्या बाजूने सांगण्यासारखं काहीच नव्हतं असं नाही. सन्स १९६८ पासून आहेत आणि एकदाही चॅम्पियन झालेले नाहीत. २०२२ मध्ये आम्ही विक्रमी ६४ मॅचेस जिंकलो आणि सातव्या निर्णायक मॅचमध्ये घरच्या मैदानावर डॅलसकडून १२३-९० असा मार खाल्ला. क्रिस पॉल ३७ वर्षांचा होता. नवा मालक मॅट इश्बिया याने त्याच आठवड्यात टीम ताब्यात घेतली होती आणि त्याला थांबायचं नव्हतं. थांबून काय मिळालं होतं आजवर?

पण हा उद्योग आमच्या टीमने आधीही केलाय, हे मी सोयीस्कर विसरले. २००८च्या फेब्रुवारीत, नॅशच्याच काळात, शॉन मॅरियनला देऊन जवळपास ३६ वर्षांचा शकील ओनील आणला होता. पहिल्याच फेरीत सॅन अँटोनियोकडून ४-१ ने घरी. आणि पिक्सचं म्हणाल तर ज्या ब्रुकलिनकडून आम्ही ड्युरँट घेतला, त्यांनीच २०१३ मध्ये म्हातारे केविन गार्नेट आणि पॉल पिअर्स आणायला बॉस्टनला आपले पिक्स दिले होते. त्यातून बॉस्टनच्या हाती पुढे जेलन ब्राउन आणि जेसन टेटम लागले. दूध पिऊन तोंड भाजलेली टीम आता आमच्यासमोर ताक घेऊन बसली होती आणि आम्ही घटाघट दूध पीत होतो. २०२९ मध्ये जो मुलगा निवडला जाईल तो तेव्हा सातवी-आठवीत असेल हो!

मार्चमध्ये ड्युरँट आला. घरच्या मैदानावरच्या पहिल्या मॅचआधी वॉर्मअप करताना पाय घसरून घोटा मुरगळला. दहा मॅचेस गेल्या. (आई : ‘दृष्ट काढायची होती.’) परत आला आणि रेग्युलर सीझनमध्ये तो खेळलेल्या आठही मॅचेस आम्ही जिंकल्या. मी पुन्हा उड्या मारायला लागले.

मग डेन्व्हर. दुसरी फेरी, सहावी मॅच, हाफटाइमला ८१-५१. आम्ही ५१. डेव्हिन बुकर आणि ड्युरँट त्या प्लेऑफमध्ये ४८ पैकी चाळीसहून जास्त मिनिटं पळत होते, कारण त्यांच्या जागी पाठवायला बाकावर कोणी उरलंच नव्हतं. डेन्व्हरचा एक माणूस दमला की दुसरा उठायचा. माझी नजर मात्र सारखी एक लांब हातांचा मुलगा शोधत होती. तो तेव्हा ब्रुकलिनला होता, आणि मजेत होता. बदलीनंतरच्या २७ मॅचेसमध्ये त्याने सरासरी २६ पॉइंट्स केले. त्या सीझनमध्ये तर तो ८३ मॅचेस खेळला! टीमला ८२च असतात. दोन टीम्सच्या वेळापत्रकामुळे त्याला एक जास्त मिळाली आणि या पठ्ठ्याने तीही सोडली नाही.

पुढचं पटकन सांगते, कारण सांगताना त्रास होतो. २०२४ मध्ये मिनेसोटाने पहिल्या फेरीत ४-० धुतलं. २०२५ मध्ये ३६ विजय, ४६ पराभव, प्लेऑफही नाही. तीन वर्षांत तीन कोच गेले.

गंमत बघा, ड्युरँट म्हातारा झालाच नाही. पहिल्या पूर्ण सीझनमध्ये ७५ मॅचेस खेळला, सरासरी २७ पॉइंट्स. जी भीती सगळ्यांना होती ती खोटी ठरली. ज्याची मी टिंगल केली होती, ते खरं झालं. टीममध्ये धावणारं, अडवणारं, पडलेला बॉल उचलणारं कोणी राहिलं नाही. तरी माझा खरा राग ड्युरँटच्या ट्रेडवर नाहीच. तो चार महिन्यांनी आणलेल्या ब्रॅडली बीलवर आहे. तहान लागलेली असताना आम्ही तिसऱ्यांदा मिठाई मागवली. पण ड्युरँटसाठी मी आजही ट्रेड केला असता का? केला असता. फक्त ब्रिजेस न देता जमतंय का, ते आधी पाहिलं असतं. आई म्हणते, ड्युरँटने आदल्या वर्षी बदली मागितली होती, त्याला मिळाली. ब्रिजेसने मागितली नव्हती, त्यालाही मिळाली. यात मला काय उत्तर द्यावं ते अजून सुचलेलं नाही.

जून २०२५ मध्ये आम्ही ड्युरँटला ह्यूस्टनला देऊन टाकलं. या वेळी मी किंचाळले नाही. बदल्यात आलेल्या गोष्टींमध्ये त्या वर्षीचा दहावा पिक होता. हा आमचाच पिक! ड्युरँटला आणताना ब्रुकलिनला दिलेला, तिथून ह्यूस्टनला गेलेला, आणि ड्युरँटला घालवताना घरी परत आलेला. ब्रिजेसही दहावाच होता, हे मी आईला मुद्दाम सांगितलं.

त्या पिकमधून खमान मलुआच नावाचा मुलगा आला. वय अठरा.

‘कुठला गं हा?’ आईने फोन हातात घेऊन फोटो मोठा केला.

‘दक्षिण सुदानचा. वाढला युगांडात.’

‘उंची?’

‘सात फुटांच्या वर.’

‘अगंबाई. याला पुरतं तरी का जेवण?’ ती म्हणाली, आणि मग फोन परत देताना, ‘हसतोय छान.’