धवलारिणीची वही

१/६
मराठी कवितेचा इतिहास आपण पोथीपासून मोजतो. आज तो लग्नाच्या मांडवापासून मोजून पाहू. माझी आजी डोंबिवलीजवळच्या एका गावातील आगरी धवलारीण. मांडव, हळद, देवांना आवतण असा लग्नाचा एकेक विधी तिच्या धवल्यांनी पुढे सरके. तिला अक्षरओळख नव्हती, पण अवघे लग्न मुखोद्गत होते.

२/६
‘आद्य मराठी कवयित्री’ महदंबा हिच्याविषयी प्रथम वाचले तेव्हा मी थबकले. तेराव्या शतकातील या महानुभाव कवयित्रीच्या काव्याचे नावच ‘धवळे’. ऋद्धिपूर येथे गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या निमित्ताने ते रचले गेले. विषय श्रीकृष्ण-रुक्मिणीचा विवाह.

३/६
धवळा हा प्रकार महदंबेने निर्माण केलेला नाही. लग्नात गायिल्या जाणाऱ्या गीतात तिने पुराणकथा गुंफली. वाङ्मयीन प्रभाव ग्रंथाकडून लोकांकडे वाहतो, असे आपण गृहीत धरतो. येथे ओघ उलटा आहे.

४/६
तिचे काव्य टिकले, कारण पंथाने पोथ्या जपल्या. सांकेतिक लिपींमुळे महानुभाव वाङ्मय शतकानुशतके बाहेरच्यांना अपरिचित राहिले. ते उजेडात आणणाऱ्यांत अग्रणी होते ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे. ठाण्यात १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले, तेही त्यांच्याच पुढाकाराने.

५/६
दूर आफ्रिकेत त्स्वाना लोकांची ‘माबोको’ ही स्तुतिकाव्येही मौखिकच. टोळीप्रमुखांवरील अशी काव्ये आयझॅक शपेरा यांनी संकलित केली आणि १९६५ साली ती ग्रंथरूपाने आली. तेथे स्तुती प्रमुखाची होती. आजीच्या धवल्यांत होती कुणाची तरी लेक, हळद आणि मांडवाचा डहाळा. त्यांच्यासाठी वही घेऊन कोण येणार?

६/६
मीही वेळेवर गेले नाही. एकदा म्हटले, “आजी, सांग, लिहून घेते.” ती हसली, “लगीन नसताना धवला कसा येईल?” पुढे चुलतबहिणीच्या हळदीला मी ध्वनिमुद्रण केले. त्यात डीजेचा दणदणाट आहे आणि त्याखाली आजीचा अस्पष्ट स्वर. त्यातून उतरवता आल्या अवघ्या अकरा ओळी. त्यानंतर घरात लग्न होण्याआधीच आजी गेली. आता गावात एकच वृद्ध धवलारीण उरली आहे. येत्या लगीनसराईत मी वही घेऊन तिच्या शेजारी बसणार आहे. पहिल्या पानावर गीताआधी तिचे नाव लिहीन.