बसायला जागा

मराठीत ‘बसणे’ हे तसे निरुपद्रवी क्रियापद. पण एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाला आवाज खाली आणून “आज बसायचं का?” असे विचारले, की त्याला कर्म लागत नाही, करण लागत नाही, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ग्लास उभा राहतो. व्याकरण शिकवता शिकवता माझी वीस वर्षे गेली, पण हा प्रयोग स्त्रीच्या तोंडी मी कधी ऐकला नव्हता. बायको नवऱ्याला म्हणाली, “आज आपण बसू या,” तर बिचारा सोवळे शोधू लागेल, सत्यनारायणच असणार!

तेव्हा गेल्या मे महिन्यात पणजीला निघताना आमची सौभाग्यवती म्हणाली, “अहो, मला एक संध्याकाळ एखाद्या नीटशा बारमध्ये बसायचंय. कॉकटेल म्हणजे काय ते एकदा चाखायचंय. फक्त फॅमिली रूम नको,” तेव्हा मी चश्मा पुसून तिच्याकडे पाहिले.

फॅमिली रूम म्हणजे काय हे वाचकभगिनींना सांगायला नको. खाली परमिट रूम, तिथे पुरुष. वर जिना चढून प्लायवुडच्या आडोशात कुटुंबे. एक मजला दारूचा, एक मजला अब्रूचा. ह्या रचनेचे मूळ कायद्यात आहे. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ सालचा. पुढे बंदी सैल झाली, पण परवाना राहिला. महाराष्ट्रात पिणाऱ्याजवळ परवाना असावा असे कायद्याचे पुस्तक आजही म्हणते. ज्या जागेचे नावच परवानगीवरून पडले, तिथे पडदे असायचेच, दिवे मंद असायचेच. त्या अंधाराला आपण पुढे ‘वातावरण’ म्हणू लागलो एवढेच.

गोव्याला हा कायदा पोचलाच नाही. १९६१ पर्यंत तिथे पोर्तुगीज होते आणि नंतरही गोव्याने आपला कारभार निराळा ठेवला. त्यामुळे तिथले तावेर्न उघड्या दाराचे राहिले. वाण्याचे दुकान, न्हाव्याचे दुकान, तसे तेही एक दुकान. म्हणूनच ह्या कामाला पणजी बरी, असे मी ठरवले आणि जागा शोधायला निघालो.

पहिली जागा मांडवीच्या काठी, एका मोठ्या हॉटेलात. समोर नदीत जुगाराच्या बोटींची रोषणाई, आत गाणे इतके मोठे की शेजारच्या माणसाशी बोलायचे तर व्याख्यानाचा आवाज लावावा लागे. तो मी वर्षभर लावतोच. दुसरी जागा नवी, फॅशनेबल. तिथे काळोख एवढा की पेयांची यादी वाचायला मोबाईलचा दिवा लावावा लागला. आमची ही हळूच म्हणाली, “इथं मला तुमचा चेहरा दिसत नाहीये.” वीस वर्षांनी असे कुणी म्हटले तर तो गौरवच समजावा. आम्ही उठलो.

खरे सांगायचे तर जवळिकीची जागा आणि अंधारी जागा ह्यांत पुष्कळ अंतर आहे. लपायचे असेल तर अंधार हवा. बोलायचे असेल तर उजेड हवा, फक्त तो भगभगीत नको. आणि जागा लहान हवी, इतकी लहान की पेय बनवणाऱ्याचे हात आपल्याला दिसावेत. सौ.ची कसोटी मात्र ह्याहून कडक. ती आधी स्वच्छतागृह पाहून येते आणि मग बसायचे की नाही ते सांगते. बारच्या वर्णनांत हा मुद्दा मी कुठे वाचलेला नाही. ती वर्णने बहुधा पुरुषांनी लिहिलेली असावीत.

तिसरी जागा मिळाली ती फोंतेन्हासमध्ये. अल्तिन्योची टेकडी आणि ओरेंची खाडी ह्यांच्यामधली ही जुनी वस्ती. तिचे नाव झऱ्यावरून पडले. पिवळी, निळी, तांबडी घरे, सज्जांना लोखंडी जाळ्या, मधून बोळ. सेंट सेबॅस्टियनच्या चॅपेलपाशी वळलो तर एका दारातून पिवळसर उजेड रस्त्यावर पडला होता. आत चार टेबले आणि एक लाकडी फळी. बारचे नाव मुद्दामच देत नाही. दिवाळी अंकाचे वाचक उत्साही असतात, आणि तिथे अठरावा माणूस मावायचा नाही.

फळीमागे एक प्रौढ बाई होत्या. आम्हाला पाहून त्यांनी दाराजवळच्याच टेबलाकडे हात केला. “बाय, हांगा बसात.” रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला आम्ही दिसत होतो आणि एकही जण वळून पाहत नव्हता. सौ. आत जाऊन आली, मान डोलावली आणि बसली.

मे महिना म्हणजे हुर्राकाचा शेवट. काजूची बोंडे तुडवून निघालेला रस आंबवतात आणि भट्टीवर चढवतात. पहिल्या धारेचा तो हुर्राक, सौम्य, शेकडा पंधराच्या आसपास मद्यार्काचा. पुन्हा उतरवला की फेणी, बेचाळीसच्या घरातली. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हुर्राक मात्र टिकत नाही. तो उन्हाळ्यात यावा आणि पावसाबरोबर जावा. मालकीणबाईंनी दोन ग्लासांत तो ओतला, कोकमाचे आगळ घातले, साखर, लिंबू, वर सोडा, आणि हिरवी मिरची उभी चिरून सोडली. रंग कुंकवासारखा झाला.

सौ.ने घोट घेतला. “ही तर आपल्या सोलकढीची वाया गेलेली बहीण!”

मग माझ्यातला मास्तर जागा झाला. जॉन फ्रायर नावाचा एक इंग्रज डॉक्टर १६७० च्या दशकात ह्या किनाऱ्यावर हिंडला. त्याचे पुस्तक १६९८ साली छापले गेले. त्यात तो म्हणतो की उत्तम अर्राक मिळतो नेरूळला, म्हणजे मांडवीपलीकडच्या बारदेशातल्या नेरूळला, आणि त्यात आणखी चार जिन्नस घालून इंग्रज लोक जे पेय करतात त्याचे नाव ‘पंच’, कारण इथल्या भाषेत पाच. ही व्युत्पत्ती सर्वच पंडितांना पटलेली नाही, पण मला ती सोडवत नाही. कॉकटेलची ही आजी आपल्या पाढ्यातली निघावी!

“हुर्राक, आगळ, साखर, लिंबू, सोडा,” तिने बोटे मोजली. “पाचच. मिरची तुमच्या डॉक्टरला सुचली नव्हती.” मग ग्लास खाली ठेवून, त्याच आवाजात, ती म्हणाली, “बँकेतून पुन्हा बढतीचं पत्र आलंय. रत्नागिरी.”

दोनदा तिने ती नाकारली होती. एकदा मुलगी लहान म्हणून, एकदा माझ्या आईच्या आजारपणासाठी. हे तिसरे पत्र आठ दिवस तिच्या पर्समध्ये होते. घरी आमचे बोलणे होते ते गॅसचा नंबर आणि दुधाचा हिशेब ह्यांच्यामध्ये. तिथे असे पत्र काढायला जागा कुठली?

“ह्या वेळी मी हो म्हणणार आहे,” ती म्हणाली. विचारत नव्हती, सांगत होती. दारातल्या उजेडात तिचा चेहरा मला अगदी स्वच्छ दिसत होता.

“कधीपासून?”

“एक जून.”

मालकीणबाईंनी तळलेला बांगडा आणून ठेवला. काटे काढण्यात थोडा वेळ गेला. मग रत्नागिरीहून करमळीला संध्याकाळी कोणती गाडी येते, ते आम्ही तिथेच बसून पाहिले.