जिल्ह्यांचे ठिपके

समाजशास्त्रात एमएला संख्याशास्त्राचा पेपर आला की निम्म्या वर्गाचं तोंड उतरतं. गणित सुटलं म्हणूनच तर बरेच जण इकडे आलेले असतात! मला मात्र सहसंबंध गुणांक आवडला. दोन गोष्टी सोबत वाढतात की उलट जातात, हे उणे १ ते अधिक १ मधला एकच आकडा सांगतो.

सरावाला मी २०११ च्या जनगणनेतले महाराष्ट्राचे जिल्हे घेतले. आडव्या अक्षावर साक्षरता, उभ्या अक्षावर सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली. मी बीडची. आमचा आकडा ८०७, राज्यात सगळ्यात कमी. गडचिरोलीचा ९६१. साक्षरता बघाल तर बीड सुमारे ७७ टक्के, गडचिरोली ७४.

वर्गातला एक जण म्हणाला, "कोल्हापूर बघ. साक्षरता ८१ च्या वर आणि मुली ८६३. शिकलेल्या बायकाच तपासून घेतात."

मला ते लागलं. माझी आई बारावी झालेली. माझ्यानंतर दोनदा तिला 'तपासायला' नेलं होतं. गाडी कुणी सांगितली, पैसे कुणी मोजले, डॉक्टरशी कोण बोललं, हे सगळं मला आत्याकडून कळलं. आईला कुणी विचारलंच नव्हतं.

मग विल्यम रॉबिन्सन यांचा १९५० चा लेख वाचला. त्यांनी अमेरिकेची १९३० ची जनगणना घेतली. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी. गुणांक उणे ०.५३. पण माणूसवार हिशेब केला तर अधिक ०.१२, म्हणजे स्थलांतरितच थोडे जास्त निरक्षर. चिन्हच उलटं! कारण ते लोक जिथे स्थायिक झाले, तिथले मूळ रहिवासी जास्त शिकलेले होते.

कोल्हापूरचा ठिपकाही लाखो घरांची बेरीज आहे. साक्षरतेसोबत तिथे पैसा, रस्ते, दवाखानेही असणार. कुणाला कुणी नेलं, हे त्या ठिपक्यात कुठून दिसणार?

म्हणून प्रबंधासाठी घरोघरची प्रश्नावली करतेय. एक रकाना बाईच्या शिक्षणाचा, शेजारी प्रश्न: दवाखान्यात जायचं कुणी ठरवलं? पर्याय लिहिले होते स्वतः, नवरा, सासू. आत्याला फोनवर वाचून दाखवले.

ती म्हणाली, "अगं, 'सगळ्यांनी मिळून' पण टाक. बाया तेच सांगतील."