हवा जरा कमी!

रविवारी पहाटे अलार्म बंद करून पुन्हा झोपायचं की सायकल काढायची, हा प्रश्न तुम्हालाही पडत असेलच. जानेवारीतल्या त्या रविवारी मी मात्र टुणकन उठले. कारण ती माझी शेवटची राइड होती. सायकल विकायची, हे पक्कं ठरलं होतं. जाहिरातसुद्धा टाकून झाली होती.

झालं असं, की वर्षभरापूर्वी मोठ्या हौसेने माउंटन बाइक घेतली. पुढे एअर सस्पेन्शन, १०० मिलिमीटर ट्रॅव्हल, एकदम सही! पण खराब रस्त्यावर अर्ध्या तासातच मनगटं ठणकायची, बोटांना मुंग्या यायच्या. दिवसभर माउस धरून डिझाइन करणारी मी, सोमवारी हातच चालेनात म्हणजे टेन्शनच ना! ग्रुपमधले सगळे पंचाहत्तर-ऐंशी किलोचे. त्यांचं निदान एकच, 'तुझा स्टॅमिना कमी पडतोय.' माझं वजन ४८ किलो. हळूहळू मलाही ते पटायला लागलं होतं.

तर विरारहून डहाणू लोकल, लगेजच्या डब्यात दोन सायकली, सोबत ऑफिसमधला मित्र. बोईसरला उतरलो आणि पश्चिमेकडे निघालो. आधी एमआयडीसीचा पट्टा, ट्रक आणि केमिकलचा वास. मग गावं सुरू होतात, ताडाची झाडं दिसायला लागतात आणि हवा खारी होते. १९६९पासून वीज देणारं तारापूरचं अणुवीज केंद्र, देशातलं पहिलं, याच किनाऱ्यावर आहे. घिवली हे त्याच्याच शेजारचं मच्छीमारांचं गाव. बांबूच्या वलांड्यांवर सुकणारे बोंबील, दारात जाळ्यांचे ढीग, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या. इथे मॉल नाही, कॅफे नाही. आहे तो समुद्र आणि त्याच्यावर पोट असलेली माणसं.

गावातल्या खडबडीत वाटेवर माझे हात पुन्हा बोंबलायला लागले. मी उतरले. मित्राने माझ्या सायकलकडे पाहिलं आणि विचारलं, "तू यात हवा किती भरतेस?"

"टायरमध्ये?"

"नाही गं, सस्पेन्शनमध्ये!"

बॉस, सस्पेन्शनमध्ये आपण हवा भरायची असते, हेच मला माहीत नव्हतं. दुकानातून आली तशीच मी वर्षभर चालवत होते. त्याने सॅकमधून शॉक पंप काढून लावला. काटा ९० पीएसआयवर. "ही हवा माझ्यासारख्या माणसासाठी आहे," तो म्हणाला. "तुझ्या वजनाने हे दबणारच नाही."

फंडा सोपा आहे. तुम्ही सायकलवर नुसते उभे राहिलात, तरी सस्पेन्शन थोडं दबायला हवं. त्याला म्हणतात सॅग. पुढच्या सस्पेन्शनसाठी तो साधारण ट्रॅव्हलच्या १५ ते २५ टक्के धरतात. म्हणजे माझ्या १०० मिलिमीटरमध्ये २०च्या आसपास. मी भिंतीला हात टेकून, पाठीवर सॅक घेऊन पेडलवर उभी राहिले. त्याने चकचकीत नळीवरची रबरी रिंग खाली सरकवली. मी अलगद उतरले. पट्टीने मोजलं, तर फक्त ८! वर्षभर प्रत्येक खड्डा सस्पेन्शनऐवजी माझी मनगटं झेलत होती.

मग पाच-पाच, दहा-दहा करत हवा सोडली. प्रत्येक वेळी सस्पेन्शन चार-पाचदा दाबून घ्यायचं, पुन्हा मोजायचं. ५५ला काटा आला तेव्हा रिंग बरोब्बर २०वर. हवा कमी झाली की सस्पेन्शन वर यायलाही सुस्त होतं, म्हणून खालचं रिबाउंडचं बटण दोन टिचक्या सैल केलं.

शेजारी जाळं दुरुस्त करणारे एक काका कधीपासून आमचा खेळ बघत होते. "वजनाचं चाललंय होय?" त्यांनी विचारलं. "आमच्या जाळ्याचंही तेच, पोरी. शिसं जास्त झालं तर जाळं तळाला बसतं, कमी झालं तर नीट उतरत नाही. दुसऱ्याचं मोजमाप आपल्याला कसं चालेल?"

पुन्हा त्याच वाटेवर निघाले. तेच दगड, तेच खड्डे, पण पुढचं चाक आता खालीवर होत होतं आणि माझे हात शांत! बोटांच्या मुंग्या पूर्ण गेल्या असं नाही. हँडलची उंची आणि माझी हात ताठ धरायची सवय, यांचाही त्यात वाटा आहे. पण बोईसरला परत येईपर्यंत मी एकदाही थांबले नाही. आणि 'स्टॅमिना' तर सकाळी होता तेवढाच होता!

लोकलमध्ये बसल्यावर पहिलं काम केलं. जाहिरात काढून टाकली.

तुम्हीही करून बघा

• टायरचा पंप वापरू नका. बारीक मापाचा शॉक पंपच हवा.
• रिंग नसेल तर नळीवर प्लास्टिकची केबल टाय सैलसर बांधा. मोजून झालं की कापून टाका.
• लॉकआउट उघडं ठेवून, हेल्मेट-सॅकसकट मोजा. वजन वाढलं-घटलं की पुन्हा मोजा. (हो, दिवाळीनंतरसुद्धा!)
• राइडनंतर रिंग पार टोकाला जात असेल, तर हवा कमी आहे. अर्ध्यावरच थांबत असेल, तर जास्त.
• स्प्रिंगचं सस्पेन्शन असेल तर प्रीलोडच्या बटणाने थोडाच फरक पडतो. वजन फारच कमी-जास्त असेल तर स्प्रिंगच बदलावी लागते.
• किनाऱ्यावरून आल्यावर नळ्या ओल्या फडक्याने पुसा. खारं पाणी आणि वाळू सीलची वाट लावतात.

कसे जाल?

पश्चिम रेल्वेने बोईसर, तिथून घिवली सायकलने आरामात. पहाटे निघा, ऊन चढायच्या आत परता. वीज केंद्राच्या आसपास कॅमेरा बॅगेतच ठेवा. आणि सुके बोंबील घ्यायला विसरू नका. सस्पेन्शनला तेवढं वजन झेपतं!