धम्मगिरीवरचे दहा दिवस

कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिने लागतात, बोगदे मागे पडतात आणि इगतपुरी येते. स्टेशनपासून जवळच टेकडीच्या कुशीत सोनेरी पॅगोडा दिसतो. हीच धम्मगिरी. १९७६ पासून येथे विपश्यनेची शिबिरे भरतात. मंडालेत जन्मलेल्या सत्यनारायण गोयंकांना अर्धशिशीने सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे नेले, आणि १९६९ साली ते ही विद्या घेऊन भारतात आले. २०१३ मध्ये ते गेले; सूचना आजही त्यांच्याच आवाजात ऐकू येतात.

आम्ही वस्तीतले पाच जण गेलो होतो. पहाटे चारला घंटा, दहाव्या दिवसापर्यंत आर्य मौन, स्त्री-पुरुषांची व्यवस्था वेगळी. घरी रोज योगासने करणाऱ्यांनाही येथे ती बंद ठेवावी लागतात. पहिले तीन दिवस फक्त श्वास पाहायचा. चौथ्या दिवशी विपश्यना, आणि मग अधिष्ठान: तासभर हात, पाय, डोळे उघडायचे नाहीत. चाळीस मिनिटांनंतर गुडघा पेटल्यासारखा होतो. पाय हलवावा, एवढा एकच विचार उरतो. तो विचारही पाहायचा, गुडघाही पाहायचा. ठणका एकसंध नसतो. तो वाढतो, सरकतो, क्षणभर विरतोही. सतिपठ्ठान सुत्तात वेदनानुपस्सना म्हणतात ती हीच, हे मांडी घातल्यावर जेवढे कळले तेवढे वाचून कळले नव्हते. वयस्कांना खुर्ची मिळते, त्यात कमीपणा नाही.

दहाव्या दिवशी मौन सुटले आणि वाद रंगला. आमच्यातला एक तरुण म्हणाला, "बाबासाहेबांनी संघर्ष करा सांगितले. डोळे मिटून बसल्याने वस्तीला पाणी येईल का?" प्रश्न रास्त आहे, विपश्यनेला चळवळीचा पर्याय मानणाऱ्यांशी आमचेही जमत नाही. धुणीभांडी करून संसार ओढलेल्या मावशी म्हणाल्या, "पाण्यासाठी मोर्चाला मीच पुढे असते रे. पण घरी येऊन सुनेवर ओरडते, ते कोण थांबवणार?" तरुण हसला, पण पटले म्हणाला नाही. गाडीत कल्याणपर्यंत तेच चालले होते.

शिबिराला फी नाही. शिबिर पूर्ण केल्यावरच दान घेतात. जागा लवकर भरतात, अर्ज आधी करावा. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी छत्री आणि कपड्यांचा एक जास्तीचा जोड न्यावा, तेथे काही वाळत नाही.