पुढचा ॲक्सल

शनिवार, रात्र

आज माझ्या टोयोटा पिकअपच्या चेसीवरचे पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनचे शेवटचे ब्रॅकेट कापून निघाले. टोयोटाने अमेरिकेतल्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपला १९८६च्या मॉडेलपासून पुढे स्वतंत्र सस्पेन्शन दिलं. १९८५पर्यंत तिथे पाट्यांच्या स्प्रिंगवर एकसंध ॲक्सल असायचा. महामार्गावर नवी रचना सुखाची, यात वाद नाही. पण यूटातल्या मोआबच्या खडकांवर एक चाक वर चढलं, की एकसंध ॲक्सल दुसऱ्याला खाली दाबतो. ती पकड मला हवी आहे, म्हणून एकसंध ॲक्सल बसवायचा हा सगळा खटाटोप.

खरी परीक्षा कोनांची आहे. चाकाला वळवणारा सांधा, म्हणजे नकल, ज्या अक्षावर वळतो, तो वरून थोडा मागे झुकलेला हवा. तरच वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ होतं. पिनिअनचं तोंड ट्रान्स्फर केसकडे उचलावं, तर हा झुकाव घटतो. दोन्ही साधायचं तर नकलच कापून, फिरवून पुन्हा वेल्ड करावे लागतात. इथे घाई करणं म्हणजे जिवाशी खेळ. टाके मारून, गाडी तिच्या वजनावर उभी करून मापं घ्यायची, आणि मगच पक्कं वेल्डिंग.

स्टिअरिंग बॉक्स मूळचाच ठेवतोय. त्याचा रेटा आडवा आहे, नकलवरच्या उंच आर्मना तो छान जुळतो.

मागचा गिअर रेशो मात्र उद्या दात मोजून तपासायचा. पुढचा आणि मागचा जुळला नाही, तर कोरड्या खडकावर सगळी ड्राइव्हलाइन पिळवटून निघेल. ब्रेकचे होजही लांब लागतील.