घर स्मार्ट, पण बटण हवंच!

माणगाव सोडलं, म्हसळा मागे पडलं की वळणावळणाचा रस्ता थेट बोर्ली पंचतनला पोचवतो. पुढे दिवेआगरचा समुद्र. वीकेण्डला सगळे तिकडे पळतात, मी मात्र बोर्लीतच थांबतो. आई-बाबांसाठी घर बांधतोय ना!

माझा फंडा क्लिअर होता: मुंबईत ऑफिसात बसून मोबाइलवरून इथले दिवे, पंखे, पंप चालवायचे. वायरमनला झोकात डेमो दाखवला. तो शांतपणे म्हणाला, ‘‘दादा, नेट गेलं तर?’’

विकेटच! 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तेव्हा कसलं अ‍ॅप नि कसलं काय!

मग चॉइस बदलला. इंटरनेटशिवाय, घरातल्याच हबवर चालणारी झिगबी सिस्टीम घेतली. हब इन्व्हर्टरवर. प्लास्टरआधीच प्रत्येक बोर्डात न्यूट्रल वायर, कारण बऱ्याच स्मार्ट स्विचना ती लागतेच. आणि भिंतीवर साधं बटण, आईने दाबलं की दिवा लागणारं.

तुम्हीही घर बांधताय? डेमोच्या वेळी फक्त राउटर बंद करायला सांगा. दिवा लागला, तरच चेक फाडा!